न पाझरणारा कातळ

चामसिदीन मास्तरांच्या घरात मास्तरांचं असं काही नव्हतं. घर बायकोचं, तिला ते तिच्या आईकडून आलेलं. अंगणातली नारळाची झाडं बायकोच्या आजीने लावलेली, म्हणून तीही बायकोची. कोंबड्या बायकोच्या आणि कोंबड्यांवर ओरडण्याचा हक्कही तिचाच. आता मास्तरांच्या त्या ज्वालामुखीच्या बेटावर सगळेच पुरुष घरजावई, तेव्हा यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण बाकीच्यांनी निदान थोरलं लग्न उरकून घेतलं होतं. म्हणजे जिच्याशी आधी साधेपणाने निकाह लावला, जिच्यापासून पोरंबाळं झाली, तिच्याशीच पुन्हा एकदा वाजतगाजत लग्न करायचं आणि अख्ख्या गावाला जेवू घालायचं. ते झालं की माणूस पुरा. मग त्याला बांगवेवर, म्हणजे गावच्या चौकात, काळ्या दगडाच्या वरच्या पायरीवर बसायला मिळतं आणि बोलायलाही मिळतं. मास्तर पन्नाशी ओलांडून गेले तरी अर्धेच राहिले होते. ते खालच्या पायरीवर बसत आणि कोणी विचारलं तर बोलत. कोणी विचारत नसे.

अशात मुलीचं, आनफियाचं, लग्न ठरलं. मुलगा चांगला होता, मुलाकडचे सगळं थोरल्या थाटात करणार होते. मुलीसाठी घर बांधलं होतं मामाने. हा मामा, तोयिबू, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा थोरला भाऊ. तो समुद्रापलीकडे मार्सेलिसला असे आणि तिथून पैशाबरोबर सल्लाही पाठवी. मामाने घर बांधलं, मामाने पलंग पाठवला, सोनंही मामानेच पसंत केलं. बापाने मुलीसाठी काय केलं, तर तिला भूगोल शिकवला, आणि त्यात ती नापास झाली.

मास्तरांना हे फार लागलं होतं. बोलून दाखवत नसत, पण लागलं होतं. शेवटी एका दुपारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, की लग्नाचं पाणी माझं.

बायको झालहाता हिने त्यांच्याकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या तोंडून 'माझं' हा शब्द बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. "आधी जेवा," ती म्हणाली.

पण मास्तरांचं ठरलं होतं. त्या बेटावर नदी नाही, ओढा नाही. पाऊस मुसळधार पडतो आणि जमीन तो गिळून टाकते. ज्याच्या अंगणात टाकी, त्याच्या घरी पाणी. बाकीचे डबे घेऊन हिंडतात. घरची टाकी सासूबाईंच्या काळातली, कधीच फुटून कोरडी पडलेली. लग्नाला अख्ख्या गावाचा भात शिजायचा, तर टँकर मागवावा लागतो, आणि टँकरचं पाणी म्हटलं की वरच्या पायरीवरची मंडळी नाक मुरडतात. तेव्हा अंगणात एक मोठी टाकी खणायची, पावसात भरून घ्यायची आणि लग्नात गावाने विचारलं, की हे गोड पाणी कोणाचं, तर सगळ्यांनी मास्तरांकडे बोट दाखवायचं, असा हा बेत होता.

तोयिबूला मार्सेलिसमध्ये बातमी कळायला वेळ लागला नाही. त्याचा फोन आला. "दाजी, सिमेंट पाठवतो," तो म्हणाला. मास्तर म्हणाले, नको. सिमेंट घेतलं की टाकी सिमेंटवाल्याची होणार, एवढं गणित भूगोलाच्या मास्तरालाही येत होतं. पण नुसतं नको म्हणून भागत नाही, कारण द्यावं लागतं. मास्तरांनी कारण शोधलं, आणि तिथून सगळा घोटाळा सुरू झाला.

अंगणात वीतभर माती खरवडली की खाली काळा कातळ लागे. मास्तरांनी त्याचा एक तुकडा फोडून ओसरीवर आणला आणि शाळेतलं भिंग लावून तो तपासला. कण इतके बारीक की भिंगालाही दिसेनात. म्हणजे लाव्हा भरभर थिजला असणार. लोहचुंबक जवळ नेला, तो किंचित ओढला गेला. म्हणजे लोखंडाचा अंश. लिंबू पिळलं, फसफसलं नाही. म्हणजे किनाऱ्यावरचं प्रवाळ नव्हे. शेवटी त्यांनी त्याच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला आणि समोर मांडी घालून बसले. थेंब जागचा हलला नाही, आत शिरला नाही, उन्हाने वाळेपर्यंत तिथेच राहिला. तोवर झालहाताला ओसरी झाडायची होती, ती झाडू घेऊन उभी.

"बसाल्ट आहे," मास्तर म्हणाले.

"म्हणजे दगडच ना?"

"दगडच. पण हा पाणी पीत नाही. याच्यात टाकी खणली तर सिमेंट कशाला हवं? कातळ हेच भांडं."

एवढा शास्त्रशुद्ध निष्कर्ष त्या ओसरीवर कधी निघाला नव्हता. दगड मास्तरांनी अचूक ओळखला होता, यात आजही शंका नाही.

शेजाऱ्यांनी अर्थातच सल्ले दिले. सल्ला फुकट असतो आणि त्या गल्लीत फुकटच्या वस्तूंचा तुटवडा कधीच नव्हता. एकाचं म्हणणं, पहिला घाव घालण्याआधी बकरा कापा. दुसऱ्याचं म्हणणं, कार्थालाचा ज्वालामुखी अजून तापलेला आहे, खोल जाल तर पाण्याऐवजी चहा मिळेल. पलीकडचा जुमोई मात्र एक भोकाभोकांचा काळा दगड घेऊन आला. हाही तोच दगड का, म्हणून त्याने विचारलं. तोच, मास्तर म्हणाले. लाव्ह्यात हवेचे बुडबुडे अडकले की असा होतो. मग चाळणीच्या जातभाईत पाणी कसं राहणार, असं जुमोईने विचारलं. मास्तरांनी त्याला समजावलं, की ती भोकं एकमेकांना जोडलेली नसतात, प्रत्येक बुडबुडा आपापल्या खोलीत बंद असतो. जुमोई म्हणाला, "शिकलेल्या माणसाचं बरं असतं. भोकालासुद्धा खोली म्हणता येतं."

खणण्याआधी परवानगी हवी होती. तालुक्याच्या कचेरीत एक साहेब होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, की तुम्ही जागेचे कोण. मास्तर म्हणाले, जागेच्या मालकिणीचा नवरा. "म्हणजे कोणी नाही," साहेब म्हणाले आणि बायकोला घेऊन यायला सांगितलं. बायको आली, तिने सही केली. मग साहेबांनी विचारलं, जमिनीतून काय काढणार? त्यांच्याकडच्या छापील यादीत माती, वाळू आणि प्रवाळ एवढ्याच गोष्टी होत्या. मास्तरांनी खिशातून तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि बसाल्टवर छोटंसं व्याख्यान दिलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं, नमुना तपासायला लागेल म्हणाले आणि तो पंख्याखालच्या कागदांवर ठेवून दिला. पुढच्या खेपेला नमुना सापडेना, दुसरा आणायला सांगितलं. असं करता करता त्या कचेरीतल्या प्रत्येक टेबलावरचे कागद उडायचे थांबले. शेवटी परवाना मिळाला, त्यावर लिहिलं होतं, 'कडक माती'.

मास्तरांना हा अपमान सहन होईना. "साहेब, ही माती नाही," ते म्हणाले.

"मास्तर, तुम्हाला खड्डा हवाय की दगडाचं नाव?"

मास्तरांनी खड्डा घेतला. घरी येताना वाटेत त्यांनी खिशातल्या उरलेल्या तुकड्याची मनातल्या मनात माफी मागितली.

कातळ फोडायला अंजुआन बेटावरचे दोन गडी लावले. त्यांची रीत अशी, की कातळावर जुने टायर पेटवायचे, दगड तापला की तडकतो, मग पहारीने उचकटायचा. टायर पेटले तो दिवस नेमका गुरुवार होता. जुम्म्याच्या नमाजासाठी गल्लीतल्या सगळ्या बायकांनी पुरुषांचे पांढरे झगे धुऊन दोरीवर घातले होते. धूर वर गेला, थोडा रेंगाळला आणि दोऱ्यांवर उतरला. दुसऱ्या दिवशी मशिदीत मास्तरांची गल्ली लांबूनही ओळखू येत होती. वरच्या पायरीवरचे सगळ्यांत थोरले बाकार आजोबा यांनी निवाडा दिला, की मास्तराने प्रत्येक घराला निळीच्या पुड्या द्याव्यात. मास्तरांनी दुकानातून खोकंच आणलं, घरोघर वाटलं, आणि तरी थोड्या पुड्या उरल्या.

खड्डा मात्र देखणा झाला. भिंती काळ्याभोर, गुळगुळीत, आणि त्यांच्यावर बारीक बारीक रेघा. कुठे पाच कोनांच्या, कुठे सहा कोनांच्या, मधाच्या पोळ्यासारख्या. मास्तर हरखून गेले. त्यांनी शाळेतला अख्खा वर्ग आणून मुलांना त्या रेघा दाखवल्या. लाव्हा थंड होताना आकसतो, म्हणून या आकृत्या होतात, निसर्गाची ही भूमिती पाहा, असं ते कितीतरी वेळ बोलले. ज्या रेघांनी पुढे त्यांचं नाक कापलं, त्यांचं इतकं कौतुक त्यांनी आपल्या मुलीचंही कधी केलं नव्हतं.

पाऊस आला. छपराचं पाणी पन्हळीतून टाकीत पडू लागलं आणि संध्याकाळपर्यंत टाकी काठोकाठ भरली. मास्तरांनी गल्ली बोलावली. जुमोईसुद्धा काही न बोलता वाकून पाहून गेला. त्या रात्री मास्तर झोपले ते पुऱ्या माणसासारखे.

सकाळी टाकीत एक करवंटी होती. पाणी नव्हतं.

मास्तरांना आधी वाटलं, चोरी. पण एवढं पाणी चोरायला अख्खा गाव लागला असता, आणि गावाने एकजुटीने काही केल्याचं त्यांच्या माहितीत नव्हतं. मग ते आत उतरले, भिंतीवर हात फिरवला, आणि त्या सुंदर रेघांपैकी एकीत त्यांचं नख शिरलं. मग काडी शिरली. तेव्हा त्यांना कळलं. दगड पाणी पीत नव्हता, पण तो एकसंध भांडंही नव्हता. लाखो तुकडे एकमेकांना टेकून उभे होते, आणि दोन तुकड्यांच्या मधून पाणी निघून जात होतं. थेंब त्यांनी तुकड्यावर ठेवला होता. टाकी तुकड्यात खणलेली नव्हती.

आता शहाण्या माणसाने सिमेंट मागवलं असतं. मास्तरांनी कुलूप मागवलं. टाकीवर पत्र्याचं झाकण होतं, त्याला त्यांनी कडी बसवली, कुलूप घातलं आणि किल्ली झग्याच्या खिशात टाकली. लग्नापर्यंत पाणी निवळू द्यायचं आहे, असं सांगितलं. तोवर काहीतरी सुचेल, अशी त्यांना आशा होती. झालहाता पूर्वीसारखी लांबून डबे भरून आणत राहिली. तिने किल्ली मागितली नाही, याचं मास्तरांना तेव्हा नवल वाटलं नाही.

मग एकदा जुमोईच्या घरी पाणी संपलं. घरात तापाने फणफणलेलं पोर होतं. त्याने बादली आणली. मास्तर म्हणाले, लग्नाचं पाणी आहे, आताच कसं उघडू? जुमोई रिकामी बादली घेऊन चौकातून घरी गेला, आणि जरा लांबच्याच वाटेने गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मास्तराने आजारी पोराला तांब्याभर पाणी दिलं नाही. मास्तरांच्या टाकीत खरोखरच तांब्याभर पाणी नव्हतं, आणि घरातले डबेही संपले होते. ते सांगावं, तर विद्वत्ता जाते. न सांगावं, तर माणुसकी जाते. मास्तरांनी माणुसकी जाऊ दिली. हे त्यांना पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

लग्न जवळ आलं आणि मार्सेलिसहून तोयिबू उतरला. सोनेरी काठाची शाल, चकाकणारे बूट, आणि बरोबर तीन पेट्या सल्ला. मुलीचं नवं घर उताराला होतं, मास्तरांच्या अंगणाच्या थोडं खाली. घराला टाकी होती, पण तिला गच्चीची नळी जोडायची राहिली होती, आणि टाकीच्या वरच्या अंगाच्या एका कातळी भिंतीला गिलावा नव्हता. ते सिमेंट गच्चीच्या नक्षीदार कठड्याला लागलं होतं. तोयिबूने सहज झाकण उघडलं, तर टाकी गळ्यापर्यंत भरलेली.

गाव लोटला. नळी नाही, पन्हळ नाही आणि टाकीत पाणी. बाकार आजोबांनी ओंजळभर पिऊन पाहिलं आणि डोळे मिटले. जुमोई मोठ्याने म्हणाला, की काही लोकांच्या टाकीला कुलूप असतं, काहींच्या टाकीला बरकत असते. मास्तर मागे उभे होते. त्यांची नजर त्या गिलावा नसलेल्या भिंतीवरच्या बारीक रेघांवर खिळली होती.

तरीही पुरावा हवा. मास्तर शास्त्राचे माणूस होते. पुढच्या पावसाने वरची टाकी भरायला लागली, तशा त्यांनी उरलेल्या निळीच्या सगळ्या पुड्या फोडून तिच्यात ओतल्या आणि झाकण लावलं. दुसऱ्या सकाळी मुलीच्या घरी काही निमित्त काढून गेले. खालच्या टाकीतलं पाणी निळसर झालं होतं. मास्तरांना इतका आनंद झाला, की ते क्षणभर हसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा प्रयोग ठरल्याप्रमाणे पार पडला होता. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाणी माझं म्हणायचं तर निळीचंही आपणच सांगायला हवं. लग्नाच्या पाण्यात नीळ घालणारा बाप, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतील.

झालं भलतंच. बायकांनी वरातीचे पांढरे झगे त्याच पाण्यात धुतले, आणि ते असे उजळले, की मुलाकडच्या माणसांनी साबणाचं नाव विचारलं. भाताला किंचित निळी झाक आली होती. ती तांदळाच्या व्यापाऱ्याच्या माथी मारण्यात आली आणि आंबट दुधाखाली झाकण्यात आली. सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती, तोयिबूचं पाणी.

निकाहानंतर पुरुष मंडळी बांगवेवर बसली. वरच्या पायऱ्यांवर शाली, खालच्या पायऱ्यांवर मास्तर. बाकार आजोबांनी काठी आपटली आणि मास्तरांना वर बोलावलं. वधूपिता म्हणून आज तेवढा मान होता.

"मास्तर, तू पोरांना दगड शिकवतोस. सांग पाहुण्यांना, कातळातून पाणी कसं आलं?"

या क्षणाची मास्तरांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. समोर नवा जावई होता, त्याचे मामा होते, आणि शेजारी तोयिबू होता. तोयिबूच्या चेहऱ्यावर उत्सुकता होती. तो बिचारा मनापासून ऐकायला बसला होता. पलीकडे बायकांच्या घोळक्यात आनफिया होती, हातापायांवर मेंदी, मान खाली.

मास्तरांनी दगडाबद्दल सगळं खरं सांगितलं. तो कसा वाहत आला, कसा थिजला, कसा आकसला. डबक्यातला चिखल वाळताना भेगाळतो, तसा कातळही भेगाळतो. दगड स्वतः थेंबही पीत नाही, पण भेगांतून पाणी उताराने चालत जातं. इतकं सोपं आणि इतकं सुरेख त्यांनी वर्गातही कधी सांगितलं नव्हतं. लोक माना डोलवत होते.

"पण मग ते चालत आलं कुठून?" बाकार आजोबांनी विचारलं.

मास्तरांनी मुलीकडे पाहिलं.

"डोंगरावरून," ते म्हणाले.

"ऐकलंत? तोयिबूसाठी डोंगर पाझरला," आजोबा पाहुण्यांना म्हणाले, आणि मास्तरांना खाली जाऊन बसायला सांगितलं. मास्तर आपल्या पायरीवर आले. जुमोईने सरकून जागा दिली नाही.

लग्न आटोपलं, तोयिबू मार्सेलिसला गेला. जाताना तो मास्तरांचा हात हातात घेऊन म्हणाला, "दाजी, आमच्या टाकीवर लक्ष असू द्या." मास्तर हो म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी झालहाताला सांगितलं, की आता थोडं सिमेंट आणावं म्हणतो, टाकीला आतून हात फिरवून घेतो. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "सिमेंट घालू नका."

"का?"

"तुमचा झगा धुतला तेव्हा खिशात निळीचे फाटके कागद मिळाले." तिने पातेलं उपडं घातलं. "पोरीच्या घरी पाणी जातंय. तिची नळी अजून कोणी जोडलेली नाही, आणि दादा येईपर्यंत कोणी जोडणारही नाही. राहू दे तसंच."

"पण ते पाणी माझं आहे," मास्तर म्हणाले.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आणखी कोणाला कशाला हवंय?"

त्यानंतर जोराचा पाऊस झाला, की मास्तर दुसऱ्या सकाळी अंगणात जातात, कुलूप काढतात आणि वाकून आत बघतात. आतून झालहाता विचारते, "गेलं का?"

"गेलं."

"मग पोचलं असेल," ती म्हणते आणि डबे घेऊन पाणी आणायला निघते. पलीकडे आपल्या दारात जुमोई उभा असतो आणि थुंकून तोंड फिरवतो. मास्तर झाकण लावतात आणि रिकाम्या टाकीला पुन्हा कुलूप घालतात.